चाळीस वर्षांची वाट

1981 साली गोंदिया हा जिल्हा नव्हता, आपण भंडारा जिल्ह्यात होतो. त्या वर्षी कलकत्त्याच्या मोहम्मदन स्पोर्टिंग क्लबने कलकत्ता फुटबॉल लीग जिंकली. तीच लीग पुन्हा जिंकायला क्लबला 2021 साल उजाडावं लागलं. मधल्या काळात 1 मे 1999 ला आपला जिल्हा वेगळा झाला, बालाघाटकडे जाणारी छोटी गाडी मोठ्या रुळांवर आली, पोस्टकार्डं गेली आणि मोबाईल आले. 1981 चा विजय साजरा करताना जी मुलं खांद्यावर बसली होती, ती 2021 मध्ये पन्नाशीच्या आसपास पोहोचली होती. ज्यांच्या खांद्यावर बसली होती, त्यांच्यापैकी बरेच जण तोवर अल्लाहला प्यारे झाले होते.

या महिन्यात लिहायचं आहे ते या वाट पाहणाऱ्यांबद्दल. जिंकणाऱ्यांवर सगळेच लिहितात.

कलकत्त्याच्या क्लबचं गोंदियात काय, असं तरुण वाचक विचारतील. गोंदिया मुंबई-हावडा मार्गावर आहे, हे पहिलं उत्तर. रात्री गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी हावडा. रेल्वेच्या नोकरीमुळे बंगालशी येणंजाणं होतंच, शिवाय बिडी आणि तेंदूपत्त्याचा धंदा. दुसरं उत्तर जास्त खरं आहे. या क्लबचे चाहते व्हायला कलकत्ता पाहिलेलं असण्याची गरज कधीच नव्हती. ज्या घरात फुटबॉलला कुणी पाय लावला नाही, तिथेही ‘मोहम्मदन’ हे नाव माहीत असायचं. आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांनी आयुष्यात या क्लबचा एकही सामना मैदानात बसून पाहिला नाही. पण 1934 ची गोष्ट ते अशी सांगायचे, की वाटावं हे गोलपोस्टच्या मागे उभे होते.

ती गोष्ट आहेच तशी. क्लब 1891 चा. पहिली चाळीसेक वर्षं तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. 1934 साली तो लीगच्या पहिल्या विभागात आला आणि पहिल्याच वर्षी विजेता ठरला. तोवर एकाही भारतीय क्लबला ही लीग जिंकता आली नव्हती, ती गोऱ्या पलटणींची आणि साहेबांच्या क्लबांची मिरास होती. आपले खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर ते बुटांवाल्यांना भारी पडायचे, पण कलकत्त्याचा पाऊस सुरू झाला की चिखलात घसरायचे. मोहम्मदनने ओल्या मैदानासाठी बुटांचा सराव केला. अर्धं गुपित एवढंच. पुढे 1935, 1936, 1937, 1938 अशी लागोपाठ पाच वर्षं लीग त्यांच्याकडेच राहिली. 1940 मध्ये लीग, मुंबईचा रोव्हर्स कप आणि दिल्लीत डुरंड कप, तिन्ही. डुरंडच्या अंतिम सामन्यात त्यांनी रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवलं. डुरंड जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. त्याच पिढीतला मोहम्मद सलीम 1936 मध्ये स्कॉटलंडला गेला आणि सेल्टिक क्लबकडून पायाला पट्ट्या बांधून अनवाणी खेळला.

आता लीग विजेतेपदाची पुढची वर्षं ओळीने वाचून पाहा. 1941, 1948, 1957, 1967, 1981, 2021. दोन विजयांमधलं अंतर सात वर्षं, मग नऊ, मग दहा, मग चौदा, मग चाळीस. फाळणीने क्लबचे काही आश्रयदाते आणि खेळाडू सीमेपलीकडे गेले. कलकत्त्यातल्या बाकीच्या दोन मोठ्या क्लबांकडे, मोहन बागान आणि ईस्ट बंगालकडे, पैसा आणि गर्दी वाढत गेली. हा तिसरा हळूहळू तिसराच राहिला. अचानक कोसळलेलं घर लोकांना दिसतं. दरवर्षी एक कौल निसटणारं घर कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त आत राहणाऱ्यांना पावसाळ्यात कळतं.

मधे एक झुळूक येऊन गेली. इराणहून अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आलेले दोन तरुण, मजीद बिश्कर आणि जमशेद नासिरी, आधी ईस्ट बंगालकडे गेले आणि मग मोहम्मदनकडे आले. त्या काळात मजीदचा खेळ ज्यांनी पाहिला ते आजही त्याचं नाव घेताना आवाज खाली आणतात. 1983 आणि 1984, लागोपाठ दोन वर्षं फेडरेशन कप क्लबकडे आला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर 1984 आणि 1987 चा रोव्हर्स कपही जिंकला. महाराष्ट्रातल्या चाहत्यांना हा संघ डोळ्यांनी दिसायचा तो रोव्हर्समुळे. पुढे ती स्पर्धाच बंद पडली, आणि या बाजूच्या लोकांचं पाहणंही संपलं. उरली ती बातमी. तीही वर्तमानपत्रात शेवटच्या पानावर दोन ओळींची.

नव्वदच्या दशकापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं कशी गेली हे विचारा कुणालाही, सगळे एकच वाक्य सांगतील: ‘इस साल पक्का.’ मोसम सुरू व्हायच्या आधी चहाच्या टपरीवर हे वाक्य ऐकू यायचं. नवा परदेशी खेळाडू आला की इस साल पक्का. नवा कोच आला की इस साल पक्का. क्लबच्या निवडणुकीत नवे लोक आले, आता तर पक्काच. मग ऑगस्टपर्यंत मोसम संपल्यात जमा व्हायचा. राष्ट्रीय पातळीवर क्लब कधी वरच्या विभागात चढायचा, कधी खाली घसरायचा. शेजारचे लोक विचारायचे, ‘काय मियाँ, यंदा कितवे?’ त्याला उत्तर द्यायला नको म्हणून काही जण मोसम संपेपर्यंत टपरीचा रस्ता बदलायचे. हे मी ऐकीव सांगत नाही.

एका मोसमाची तर गंमत वाटते. 2013 मध्ये क्लबने डुरंड कप जिंकला, अंतिम सामन्यात ओएनजीसीला हरवून. 1940 नंतर पहिल्यांदाच. काही महिन्यांत आयएफए शील्डही आली. आणि त्याच मोसमात आय-लीगमध्ये संघ तळाला जाऊन खालच्या विभागात फेकला गेला! दोन कप हातात आणि पायाखालची पायरी गायब. त्याच वर्षाअखेरीस पैशांअभावी संघ बंद ठेवावा लागणार अशा बातम्या आल्या. तेव्हा आमचे चाचा एवढंच म्हणाले, ‘बंद झाला तर निदान हरणार तरी नाही.’ त्यांना हसू आलं नव्हतं.

इथे माझं एक मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. या क्लबवर 1934 चं ओझं जरा जास्तच टाकलं गेलं. पाच वेळा लागोपाठ जिंकल्याची गोष्ट आजोबांनी नातवाला सांगितली, पण 1967 ते 1981 या चौदा वर्षांत आपण काय केलं, ते कुणी सांगितलं नाही. मुलांना वाटलं, जिंकणं ही आपली नेहमीची अवस्था आहे आणि हरणं म्हणजे काहीतरी बिघडलंय. दुसरं ओझं नावाचं. क्लबचं नाव मोहम्मदन, म्हणून त्याचा पराभव म्हणजे जणू सगळ्या कौमचा पराभव. शाळा-कॉलेजात कुणी चिडवलं की मुलगा घरी येऊन मुकाट बसतो. अकरा पोरांच्या पायावर एवढं सगळं ठेवायचं कशाला?

तशी वाटणी मैदानावर कधीच नव्हती. हैदराबादचे मोहम्मद हबीब मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मदन, तिन्ही क्लबांकडून खेळले. त्यांच्यासाठी गळा फाडून ओरडणाऱ्यांत सगळे होते. 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताने कांस्य पदक मिळवलं, तेव्हा कर्णधार सय्यद नईमुद्दीन होते. आणि उलट बाजूने पाहिलं तर चाळीस वर्षांनी 18 नोव्हेंबर 2021 ला रेल्वे एफसीविरुद्ध 1-0 ने लीग मिळवून देणारा गोल त्रिनिदादच्या मार्कस जोसेफचा. कोच रशियाचे आंद्रे चेर्निशोव. क्लबचे दिवस पालटले ते दार उघडं ठेवल्यावर.

त्या विजयावर प्रतिस्पर्धी म्हणाले, बाकीचे दोन मोठे क्लब स्पर्धेत नव्हतेच, मग कसलं मोठेपण? बोलणं खोटं नव्हतं. पण चाळीस वर्षं उपाशी असलेल्याला ताटातल्या भाजीचा हिशेब विचारू नये. 2022 आणि 2023 ची लीगही आली, तेव्हा तोंडं बंद झाली.

त्याच्या मधे एक दुखणं होऊन गेलं. 14 मे 2022. सॉल्ट लेकचं मैदान, आय-लीगचा शेवटचा सामना, समोर गोकुलम केरळ. जिंकलं तर देशाचे विजेते, बरोबरी झाली तरी कप केरळला. गोकुलमने गोल केला, मोहम्मदनने फेडला. स्टेडियम उभं राहिलं. काही मिनिटांतच गोकुलमने दुसरा केला. 1-2. आमच्याकडे मोबाईलभोवती बसलेल्या पोरांत एक नववीतला होता. तो उठून गच्चीवर गेला. त्याच्या अम्मीने जेवायला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा ती ताट घेऊन वर गेली, बाजूला ठेवलं आणि काही न बोलता तिथेच बसली. ‘एका खेळापायी एवढं काय?’ असं ती म्हणाली नाही, हे मला फार बरं वाटलं. आपल्या घरांत हे वाक्य फार लवकर निघतं. मुलाला दुःख कशाचं व्हावं हे आपण ठरवू शकत नाही, ते झालं तर शेजारी बसू शकतो.

आणि हो, मोबाईलवर पैसे लावून संघ बनवायचे, ते वेगळं होतं आणि हे वेगळं. तिथे आशा रात्री अकराला संपायची आणि खिसा रिकामा व्हायचा. इथे चाळीस वर्षं खिशातलं काही गेलं नाही, थोडी झोप गेली.

दोन वर्षांनी, 6 एप्रिल 2024 ला शिलाँगमध्ये ते जमलं. रमजानचे शेवटचे रोजे चालू होते, ईद पाच दिवसांवर. शिलाँग लाजाँगविरुद्ध पहिल्याच मिनिटाला अर्जेंटिनाच्या ॲलेक्सिस गोमेझने गोल केला. त्यांनी पेनल्टीवर फेडला. दुसऱ्या डावात रशियाच्या कोझलोवने दुसरा केला. 2-1. मोहम्मदन आय-लीगचा विजेता आणि पुढच्या मोसमापासून देशातल्या सर्वात वरच्या इंडियन सुपर लीगमध्ये. त्या वर्षी आमच्याकडे ईदचा शीरखुर्मा दोनदा झाला असं म्हटलं तरी चालेल.

मग सुरू झाला नवा दुष्काळ. सुपर लीगच्या पहिल्याच सामन्यात नॉर्थईस्ट युनायटेडने भरपाईच्या वेळेत गोल करून हरवलं. दुसऱ्या सामन्यात गोव्याविरुद्ध आघाडी होती, तीही भरपाईच्या वेळेतच गेली. तिसऱ्यात चेन्नईत मिझोरामच्या लालरेमसंगाच्या गोलवर पहिला विजय मिळाला आणि टपरीवर पुन्हा ते वाक्य ऐकू आलं. नोव्हेंबरमध्ये ईस्ट बंगालशी सामना होता. अर्ध्या तासाच्या आतच समोरच्या दोघांना लाल कार्ड, म्हणजे अकरा विरुद्ध नऊ. तासाभराहून जास्त वेळ होता. गोलशून्य बरोबरी! जुने लोक म्हणाले, हे आम्हाला ओळखीचं आहे. पुढे खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या आल्या, कोचही गेले. 24 सामन्यांत दोन विजय, सात बरोबरी, पंधरा पराभव. तेरा संघांत तेरावा क्रमांक.

त्या दोन विजयांतला दुसरा 11 जानेवारी 2025 चा, बंगळुरूला त्यांच्याच मैदानावर. सामना संपायला दोन-तीन मिनिटं उरलेली, 0-0. उझबेकिस्तानच्या कासिमोवने लांबून फ्री किक मारली आणि चेंडू जाळ्यात. गच्चीवर जाऊन बसणारा मुलगा आता कॉलेजात आहे. तो असा ओरडला की शेजारच्या घरातून काका धावत आले, त्यांना वाटलं कुणाला काही झालं. त्यांनाही तो गोल दाखवला गेला. त्यांना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. त्यांनी विचारलं, ‘मग आता वर जाणार का तुमची टीम?’ तो म्हणाला, ‘नाही काका, शेवटचेच आहोत.’ आणि गोल पुन्हा लावला.