साधी मुलगी आणि ओली भिंत

गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळातल्या एका मुलीसाठी मी शिफारसपत्र लिहून दिलं. ती कोल्हापूरकडची. इथे इंग्लंडात येऊन तिला जेमतेम आठ महिने झाले होते आणि तिनं लहान मुलांच्या नर्सरीत नोकरीसाठी अर्ज केला होता. मी तिला जवळून ओळखते, म्हणून मनापासून लिहिलं की मुलगी ‘सिम्पल’ आहे आणि ‘सिन्सिअर’ आहे. चार दिवसांनी नर्सरीच्या बाईंचा फोन आला. अगदी सांभाळून विचारत होत्या, “तिला सूचना समजायला वेळ लागतो का? हाताशी कुणी द्यावं लागेल का?”

मला आधी काही कळेचना. मग लक्षात आलं. मी लिहिलं होतं ‘साधी’ आणि त्यांनी वाचलं होतं ‘बुद्धीनं बेताची’.

इंग्रजीत जेवण सिम्पल असलं तर छान, पोशाख सिम्पल असला तर सुरेख, उपाय सिम्पल असला तर उत्तमच. तोच शब्द माणसाला लावला की त्यात वेगळाच वास येतो. आपल्या ‘साधी’त भपका नाही, नखरा नाही, चारचौघांत मिसळून जाणारी, एवढं सगळं येतं. त्यासाठी इथे ‘अनअस्यूमिंग’ म्हणतात, किंवा सरळ ‘डाउन टू अर्थ’. ‘सिन्सिअर’चंही तसंच. आपल्याकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘सिन्सिअर विद्यार्थी’ म्हणजे मन लावून अभ्यास करणारा. इथे माफी सिन्सिअर असते, कौतुक सिन्सिअर असतं, म्हणजे पोटात एक आणि ओठांत एक असं नसतं. नेमून दिलेलं काम चोख करणाऱ्याला ‘कॉन्शिएन्शस’ म्हणतात.

मुलीला नोकरी मिळाली, कारण त्या बाईंनी फोन केला आणि मला पंधरा मिनिटं बोलता आलं. असा फोन सगळ्यांना येत नाही. बहुतेक वेळा पत्र नुसतं बाजूला ठेवलं जातं, आणि का ठेवलं ते कुणी कळवत नाही.

हा दोष त्या मुलीचा नव्हता आणि इंग्रजीचाही नाही. आपण ज्या पद्धतीनं इंग्रजी शिकलो, त्या पद्धतीचा आहे असं माझं ठाम मत आहे. एका बाजूला इंग्रजी शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला मराठी शब्द. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं आपल्या कितीतरी पिढ्यांना इंग्रजी वाक्य रचायला शिकवलं, त्या उपकारांबद्दल मला आदरच आहे. पण पुढे गाइडांनी त्यातलं फक्त बरोबरचं चिन्ह उचललं आणि परीक्षेसाठी समानार्थी शब्दांच्या याद्या केल्या. क्लेव्हर, इंटेलिजंट, श्रूड, कनिंग या सगळ्यांपुढे आम्ही ‘हुशार’ लिहून मार्क मिळवले आहेत. नोकरीच्या पत्रात ‘कनिंग’ लिहिणं म्हणजे माणसाला लबाड म्हणणं आहे. हे त्या यादीत कुठेच नव्हतं.

उलट मोल्सवर्थ काढून बघा. १८३१ साली पहिल्यांदा निघालेला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा छापलेला तो मराठी-इंग्रजी कोश एका मराठी शब्दापुढे इंग्रजी शब्दांची रांग लावतो, वापराची उदाहरणं देतो, लक्षणेनं अर्थ कुठे वळतो तेही सांगतो. एका शब्दाला एक शब्द पुरत नाही हे त्या माणसाला आणि त्याच्या हाताखालच्या शास्त्र्यांना नीट माहीत होतं.

विशेषण एकटं पाठ करू नये, ते ज्या नामाबरोबर नांदतं त्या नामासकट पाठ करावं, हे मला या लेखात सांगायचं आहे. जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होऊन गेले. लंडनला प्राध्यापक होण्याआधी ते १९२०च्या दशकात लाहोरला इंग्रजी शिकवत होते. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हा विचार त्यांनी १९५७ साली मांडला आणि तो आजही भाषाशास्त्रात प्रमाण मानतात. आपल्याला तो परका वाटायचं कारण नाही. संगतीवरून पारख करणं आपल्या घरातच शिकवलेलं असतं.

ओलाव्याचंच बघा. केक ‘मॉइस्ट’ असला की खाणारा खूश. हवा ‘ह्यूमिड’. पावसातून आलेला कोट ‘वेट’. तळघर ‘डँक’, म्हणजे ओल, अंधार आणि कुबट वास सगळं एकदम. आणि भिंत ‘डॅम्प’. मागच्या हिवाळ्यात भाड्यानं राहणाऱ्या एका विद्यार्थ्यानं मला त्याची खोली दाखवली. पलंगामागच्या भिंतीवर हातभर काळी बुरशी, हात लावला तर रंगाचा पोपडा बोटाला चिकटून आला. त्यानं एजंटला लिहिलं होतं की भिंत ‘थोडी मॉइस्ट’ आहे. महिनाभर कुणी फिरकलं नव्हतं. ‘डॅम्प’ या शब्दाला इथे वजन आहे. घर राहण्यायोग्य आहे की नाही हे ठरवताना ज्या गोष्टी पाहायच्या, त्यांत १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानं ‘डॅम्प’ नसणं ही गोष्ट नाव घेऊन घातली आहे. आम्ही दोघांनी बसून पत्र पुन्हा लिहिलं, शब्द बदलला, सोबत फोटो जोडले. त्याच आठवड्यात माणूस आला. फोटोंचाही हात असेल, पण त्या शब्दाचा नक्की होता.

आता मराठीत या. कपडे ओलसर, हवा दमट, पापड सादळलेला, पावसातून आलेलं पोर चिंब, भिंतीला ओल, नारळ ओला आणि दुष्काळसुद्धा ओला. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, कारण आपण पापड हातात घेऊनच ‘सादळला’ हा शब्द ऐकला. इथे वाढणाऱ्या मुलांची अडचण आपल्या बरोबर उलटी आहे. आपल्या शनिवारच्या मराठी वर्गात एका मुलीनं लिहिलं, ‘माझी आजी पातळ आहे.’ थिन म्हणजे पातळ, हे तिनं यादीतून घेतलं होतं. आमटी पातळ असते, कागद पातळ असतो. आजी बारीक असते, सडपातळ असते, आजारपणानं कृश होते. तीच मुलगी इंग्रजीत मैत्रिणीला ‘स्लिम’ म्हणेल, ‘स्किनी’ म्हटलं तर तिला लागेल हे तिला पक्कं ठाऊक आहे. कान तयार आहे, फक्त मराठीसाठी तो कुणी वापरायला लावलेला नाही.

इंग्रजीत अशा जवळच्या विशेषणांची गर्दी का झाली, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे. १०६६ नंतर राज्य नॉर्मनांचं आलं, दरबारात फ्रेंच आणि पोथ्यांत लॅटिन. म्हणून ‘किंगली’, ‘रॉयल’ आणि ‘रीगल’ शेजारी शेजारी राहिले. घराणं रॉयल, चालण्याचा डौल रीगल. आपल्याकडे फारसी आणि संस्कृतानं तेच केलं. भोजन शाही, थाट राजेशाही, आणि ‘राजकीय’ म्हटलं की थेट निवडणूक. इंग्रजीतलीच आणखी एक जोडी बघा: ‘पॅटर्नल आंट’ म्हणजे आत्या, पण ‘फादरली’ सल्ला म्हणजे वडीलकीचा सल्ला. त्याला नात्याची गरजच नाही.

काही जण म्हणतात, इंग्रजी आता आपलीही आहे, पुण्यात ‘सिन्सिअर’चा जो अर्थ तोच आमचा. पुण्यात हे मला मान्य आहे. लग्नाच्या जाहिरातीतली ‘होमली’ मुलगी आपल्याकडे घर सांभाळणारी, पण अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ दिसायला यथातथा असा होतो. वाचणारा जिथला, तिथला अर्थ लागतो, आणि त्याचा भुर्दंड नवीन आलेल्या माणसाला पडतो. दुसरे म्हणतात, इंग्रजांच्या अर्थानं चालणं ही गुलामी झाली. मला तसं वाटत नाही. १७९४ साली हेस्टर पिओझ्झी या ब्रिटिश बाईंनी जवळच्या अर्थांच्या इंग्रजी शब्दांतला फरक सांगणारा दोन खंडांचा ग्रंथ छापला. त्यांचे पती इटालियन होते, आणि परभाषकांना इंग्रजी बोलताना होणारी अडचण त्यांच्या डोळ्यांसमोर होती. दारात आलेल्याला हे समजावून सांगायला हवं, हे तेव्हा एका घरच्या माणसालाच वाटलं होतं.

मराठी वर्गातली समानार्थी शब्दांची यादी यंदापासून बंद करावी, अशी माझी मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती आहे. त्याऐवजी एक वस्तू समोर ठेवावी आणि तिला कुठली विशेषणं चालतात ते मुलांना, आजी-आजोबांना आणि नव्यानं आलेल्यांना एकत्र बसवून विचारावं, दोन्ही भाषांत. आणि जे नुकतेच इथे आले आहेत त्यांनी अर्ज किंवा तक्रारीचं पत्र पाठवण्याआधी इथे वाढलेल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवावं. शनिवारी दहा ते बारा मी वर्गातच असते. पत्र घेऊन या.