ओटीपी कुवेतला, रुग्ण दवाखान्यात

‘गावच्या लोकांना कॉम्प्युटर नकोच असतो,’ असं आरोग्य खात्यातले लोक सहज बोलून जातात. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यांत राहिलं की हे पटत नाही. कुवेतच्या मुलाशी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बोलणारी दादी यंत्राला घाबरत नाही. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात आधार कार्ड मागितलं की ती का बिचकते?

‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला 14 अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. आधारवरून तो काढताना जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि आमच्या कित्येक घरांत तो नंबर परदेशातल्या मुलाकडे असतो. तो ड्युटीवर, दादी रांगेत, ओटीपीची मुदत संपलेली.

दुसरी अडचण नावाची. उर्दूतले काफ आणि क़ाफ मराठीत एकच ‘क’ होतात, ज़चा नुक्ता गळतो. ज़ुलैख़ाबी आधारवर जुलेखा, केस पेपरवर झुलेखा. एकाच बाईच्या दोन नोंदी झाल्या, तर रक्तदाब एकीत आणि साखर दुसरीत राहते. डॉक्टरांना अर्धीच बाई दिसते. हा केवळ भाषेचा हट्ट नाही, औषधाचा प्रश्न आहे.

कर्मचाऱ्यांची नाराजीही समजून घ्यावी. डोंगराळ भागात एका केंद्रामागे 20,000 लोकसंख्येचं प्रमाण ठरलेलं आहे. तिथली परिचारिका रजिस्टरही भरते आणि पोर्टलही. आशाताई दारोदार फिरून तीच माहिती मोबाइलवर चढवते, रेंज मिळेल तिथे उभी राहून. शाळेत ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ भरणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे सांगावं लागत नाही. नोंदीत वेळ गेला की समोरच्या माणसाकडे बघायला वेळ उरत नाही, आणि रुग्णाला वाटतं, डॉक्टरसाहेब आपल्याशी नाही, पडद्याशी बोलतात.

तरीही मी संगणकाच्या बाजूचा आहे. आज गावात, उद्या चिपळूणला, परवा मुंबईला लेकीकडे असलेल्या म्हाताऱ्या माणसाची जुनी औषधं कुणाला तरी कळली पाहिजेत. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. ऑनलाइन नोंद झाली की तीच पुन्हा रजिस्टरमध्ये लिहायला लावू नये. ‘आभा’ ऐच्छिक आहे, त्याच्यावाचून उपचार अडत नाहीत, हे मराठीत आणि उर्दूत भिंतीवर लिहावं. नाव टाइप केल्यावर पडदा रुग्णाकडे वळवून विचारावं, ‘बरोबर आहे ना?’

आपलंही काम आहे. मोहल्ल्याच्या जमातीने एक रविवार काढून आधारवरची नावं आणि मोबाइल नंबर तपासून दुरुस्तीचे अर्ज भरून द्यावेत. आजाराची माहिती मात्र तिथे कुणी विचारू नये. ती रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातली अमानत आहे.