आधी भिंती की आधी जमीन?

घर पाहावं बांधून, अशी म्हण आहे. पण बांधलेल्या घराच्या नुसत्या गॅरेजला रंग काढायला घेतला, तरी तिचा अर्थ पुरेपूर कळतो.

एका निवृत्त जोडप्याचंच उदाहरण घ्या. फंडाच्या पैशातून घेतलेली नवी गाडी दसऱ्याला दारात यायची होती. गॅरेज जुनं. कोब्यावर तेलाचे काळे डाग, भिंतींना पोपडे, शटरला गंज. भिंतींना रंग आणि जमिनीला इपॉक्सीचा लेप द्यायचं ठरलं. दसऱ्याला १२ दिवस उरले होते. लेपवाला म्हणाला, "काका, उद्या मी मोकळा आहे. जमीन उरकून टाकतो, भिंती तुम्ही मागाहून करा." काकांना ते पटलं. काकू मात्र म्हणाल्या, "अहो, पण रंगारी शिडी कुठे टेकवणार? त्या नव्या जमिनीवरच ना?"

प्रश्न साधा, पण खर्च वाचवणारा होता. लेपावर ऑइलपेंटचे थेंब पडले की ते खरवडताना ओरखडे उठतात आणि टर्पेंटाइनने पुसताना चकाकी जाण्याची भीती असते. मग आधी भिंती कराव्यात का? तसं केलं तर दुसरी पंचाईत. लेप धरावा म्हणून कोबा मशिनने घासावा लागतो, आणि त्याची बारीक धूळ ताज्या रंगावर जाऊन बसते.

यातून वाट एकच. जमिनीची पाळी दोनदा येते: तयारीसाठी सर्वांत आधी आणि लेपासाठी सर्वांत शेवटी. मधला वेळ छताचा आणि भिंतींचा.

आधी धुळीची कामं

तोडफोड, वायरिंग, गिलाव्याची डागडुजी आणि जमीन घासणं ही धुळीची कामं रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच संपवावीत. पुढेमागे विजेवरची स्कूटर किंवा मोटार घ्यायचा विचार असेल, तर चार्जिंगचा स्वतंत्र पॉइंट आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून याच वेळी करून घ्यावं. रंग झाल्यावर भिंत फोडणं जिवावर येतं.

तेलाचे डाग घासण्यापूर्वी काढावेत. डिटर्जंटच्या गरम पाण्याने ते दोन-तीनदा खरडून धुवावेत. मग जमीन घासून झाली की पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. ते मुरले तर ठीक. मोत्यासारखे तसेच राहिले, तर जमिनीत अजून तेल आहे किंवा ती नीट घासली गेलेली नाही. काही कारागीर घासण्याऐवजी ॲसिड वापरतात. त्याची वाफ बंद गॅरेजमध्ये घातक ठरते, म्हणून मशिनच बरं. मात्र घासणाऱ्याच्या तोंडाला धुळीचा चांगला मास्क हवाच. ती धूळ फुप्फुसात साठते.

भेगा साध्या सिमेंटने भरल्या, तर लेपासाठी साधारण २८ दिवस थांबावं लागतं. नव्या कोब्यालाही हाच नियम. घाई असेल तर इपॉक्सीचं मॉर्टर वापरतात.

प्लास्टिकची परीक्षा

सर्वांत महत्त्वाची परीक्षा फुकटात होते. साधारण ४५ सेंटिमीटर लांबीरुंदीचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवावा. किमान १६ तासांनी उचलून पाहावं. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला, तर जमिनीत ओल आहे. अशा जमिनीवर भारीतला भारी लेप दिला, तरी तो फुगून सुटण्याचा धोका असतो. पावसाळा नुकताच संपलेला असताना ही परीक्षा कधीही चुकवू नये आणि एकाच जागी करून थांबू नये.

काकूंनी चार कोपऱ्यांत चार तुकडे चिकटवले. दुसऱ्या दिवशी तीन कोरडे निघाले. बागेच्या बाजूचा मात्र आतून ओला होता. काकांनी बाहेर जाऊन पाहिलं. गच्चीवरच्या पाण्याचा पाइप नेमका त्या भिंतीच्या पायाशी सुटत होता. पोपडेही त्याच भिंतीला जास्त होते.

मग वरून खाली

ओलीचं कारण दूर केल्यावर आणि भिंती सुकल्यावर रंग सुरू करावा. क्रम वरून खाली: आधी छत, मग भिंती, शेवटी खिडक्या आणि शटर. शटरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नये. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला; त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. म्हणून पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासावं, लहान मुलांना दूर ठेवावं आणि खरवड गोळा करून उचलावी.

जमिनीचा लेप भिंतीवर चार बोटं चढवून घेतला, तर गाडी धुताना पाणी सांध्यात मुरत नाही. त्यासाठी तेवढी पट्टी न रंगवता सोडायला रंगाऱ्याला आधीच सांगावं.

शेवटी लेप

भिंती वाळल्या की जमिनीवरची धूळ व्हॅक्यूमने काढावी, कडांना टेप लावावा आणि मागच्या भिंतीपासून दाराकडे येत लेप द्यावा. नाहीतर कारागीर आतच अडकायचा! इपॉक्सीचे दोन भाग एकत्र केले की ते घट्ट होऊ लागतं, उन्हाळ्यात तर फारच लवकर. म्हणून लागेल तेवढंच कालवावं. दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जवळ देवाचा दिवा, गॅस किंवा सिगारेट नको. ओल्या टायरने गाडी घसरू नये म्हणून लेपात बारीक वाळू टाकून घेता येते.

साधारणपणे एका दिवसानंतर लेपावर चालता येतं. गाडीसाठी मात्र आठवडाभर धीर धरावा. कच्च्या लेपावर गरम टायर उभं राहिलं, तर गाडी काढताना लेप टायरबरोबर उखडून येतो. नेमका अवधी डब्यासोबतच्या पत्रकावर असतो. तोच प्रमाण मानावा.

काका-काकूंनी कालनिर्णयवर दिवस मोजले. पाइप वळवायला दोन दिवस, कोपरा सुकायला किती ते कोपराच ठरवणार, भिंतींना पाच, लेपाला तीन, वर थांबायचे सात. दसरा गाठणं शक्यच नव्हतं. काका हिरमुसले. "पहिल्याच दिवशी गाडी उघड्यावर ठेवायची?" काकू म्हणाल्या, "गाडीला कव्हर घालता येईल. उखडलेल्या जमिनीला काय घालणार?"

लेपवाल्याला दिवाळीनंतरची तारीख दिली. दसऱ्याला गाडीची पूजा फाटकातच झाली. झेंडूचा हार घालून ती आंब्याखाली उभी राहिली. दिवाळीपर्यंत भिंती रंगल्या. त्या कोपऱ्यात पुन्हा चिकटवलेलं प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हाच लेपाचा डबा उघडला. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गाडी आत गेली. गाडी नवी, जमीनही नवी, आणि दोन्हींवर एकही डाग नव्हता.