हँडल उंच, वायर आखूड

कळव्यात एखाद्या पोराने अॅव्हेंजरला किंवा बुलेटला उंच हँडल बसवलं की मोहल्ल्यातले बुजुर्ग लगेच फैसला देतात, "गेला वाया!" मी भाषेचा मास्तर, मेकॅनिक नाही. पण शब्दांतला दुटप्पीपणा मला कळतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयल एनफिल्डने गोव्यातल्या पोरांचा हाच शौक उचलून 'गोअन क्लासिक ३५०' बाजारात आणली. उंच हँडल थेट कारखान्यातून. कंपनीने केलं तर स्टाइल आणि पोराने केलं तर मवालीपणा?

पण पोरांनो, खूश होऊ नका. कंपनी त्या उंचीच्या मापाने क्लच वायर, एक्सिलेटर वायर, ब्रेकचा पाइप, सगळंच बसवते. तुम्ही सगळे पैसे हँडलवर उडवता आणि जुनीच वायर ताणून बांधता. मग विटाव्याच्या गल्लीत हँडल पूर्ण वळवलं की वायर ओढली जाते आणि गाडी आपोआप रेस होते. ताणलेला पाइप फुटला तर पुढचा ब्रेकच गेला.

कायदाही आहे. आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

तेव्हा चाचा, पोराच्या चारित्र्याची चौकशी पुरे. त्याला एवढंच सांगा, "गाडी चालू कर, हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळव." इंजिनचा आवाज वाढला, तर चावी काढून घ्या.