तपासणी आणि चाचणी

'तपासणी' आणि 'चाचणी' हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. साथीच्या दिवसांत मात्र या दोन शब्दांमधल्या फटीत माणसे अडकतात. आपल्या नांदेड जिल्ह्याने हे एकदा चांगलेच पाहिले आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले हजारो शीख यात्रेकरू नांदेडला अडकले. एप्रिलअखेर ते बसगाड्यांनी पंजाबात परतले. तिथे चाचण्या झाल्या, तेव्हा आधी शेकडो आणि मग हजारावर जण कोरोनाबाधित निघाले. पंजाबने महाराष्ट्राकडे बोट दाखवले. इकडून उत्तर गेले की सर्वांची तपासणी झाली होती. तपासणी म्हणजे काय, तर ताप मोजला, खोकला आहे का विचारले. घशातला नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवणे ही चाचणी, आणि ती सरसकट झालेली नव्हती. मग लागण नांदेडात झाली की वाटेत, हे छातीठोकपणे कोण सांगणार? नाव मात्र यात्रेकरूंचे झाले.

त्याच एप्रिलमध्ये आपल्या घरांतही एक आकडा येऊन पोचला होता. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ जण, म्हणजे जवळपास ३० टक्के, निजामुद्दीनच्या मरकजशी जोडलेले आहेत. आकडा खोटा होता असे आमचे म्हणणे नाही. पण मरकजशी संबंध आलेल्या किती जणांच्या चाचण्या झाल्या आणि बाकीच्या देशात किती जणांच्या, हे त्या आकड्याशेजारी मांडलेले नव्हते. एका वाड्यात शंभर जणांचे नमुने घेतले आणि दहा बाधित निघाले, दुसऱ्या वाड्यात पाच जणांचे घेतले आणि दोन निघाले, तर रोग कुठे जास्त? बाजारात मात्र 'दहा' हाच आकडा फिरतो, आणि पहिल्या वाड्यातल्या भाजीवाल्याला दुसऱ्या गल्लीत कोणी उभे करत नाही.

पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्यासारखे दिसते असे नोंदवले. तोवर चार महिने गेले होते.

जुने उकरून काढण्याची हौस नाही. पण पावसाळा लागला की हाच प्रश्न कंधारमध्ये डेंग्यूच्या रूपाने दारात येतो. ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे ठणका. खाजगी लॅबमध्ये कार्डवर पट्टी उमटते, प्लेटलेट घसरतात, पोराला घेऊन नांदेडची वाट धरावी लागते, पन्नासेक किलोमीटर. आणि नंतर कळते की सरकारी यादीत तालुक्यातले डेंग्यूचे रुग्ण अगदी थोडे आहेत! लोक म्हणतात, दडवले. दर वेळी दडवलेले असतेच असे नाही. सरकारी नियमानुसार कार्डवरची चाचणी पक्की धरत नाहीत. त्यासाठी रक्तजल नमुना ठरवून दिलेल्या प्रयोगशाळेत जाऊन एलायझा पद्धतीने तपासला जावा लागतो. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन आणि त्यानंतर आयजीएम. नमुनाच गेला नाही तर तो रुग्ण सरकारी हिशेबात पक्का डेंग्यू म्हणून येत नाही. आणि रुग्ण कमी दिसले तर धूरफवारणी आणि डासअळ्या शोधणारी माणसे आपल्या मोहल्ल्याकडे कशाला वळतील?

म्हणून 'रुग्ण किती' एवढेच विचारून भागत नाही, 'नमुने किती' हेही विचारायला हवे. हे विचारायला माहिती अधिकार कायदा २००५ आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज पुरतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाही. का विचारता, असे कोणी विचारू शकत नाही. कायद्यानेच ती मुभा दिली आहे. आमच्या ओळखीच्या कितीतरी बायाबापड्या इथेच बिचकतात, की सरकारला कागद दिला तर उद्या नाव कुठे निघेल. शिक्षणाच्या फॉर्मवर, रेशनच्या फॉर्मवर नाव देताना आपण बिचकत नाही, मग इथेच का?

अर्ज कोणाकडे करायचा, यात बरेच जण चुकतात. कंधारचे ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत येते. खेड्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, डेंग्यूच्या नमुन्यांचा हिशेब जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांकडे आणि गावातली फवारणी नगर परिषदेकडे. चुकीच्या दारात गेला तरी अर्ज परत करायचा नसतो, पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा रुग्णालयाला वेगळा, नगर परिषदेला वेगळा अर्ज लिहा. आणि कृपा करून त्यात भाषण लिहू नका. 'आमच्या भागाकडे दुर्लक्ष का केले' याला कायद्याने उत्तर मिळत नाही, कारण तो कागद कुठल्याच कपाटात नसतो. असे लिहा:

१ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात डेंग्यू संशयित म्हणून घेतलेल्या रक्तजल नमुन्यांची महिनानिहाय संख्या, ते कोणत्या प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पाठवले, अहवाल कोणत्या तारखेला आला, त्यांपैकी दूषित किती, या नोंदवहीच्या प्रती, रुग्णांची नावे व पत्ते झाकून.

शेवटचे पाच शब्द विसरू नका. शेजारणीचा आजार जाणून घेणे हा आपला हक्क नाही, आणि नावे मागितली की त्याच सबबीवर सगळा अर्ज फेटाळायला वाट मिळते. आपल्याच मुलाचा अहवाल हवा असेल तर तो रुग्णालयातच मागावा, त्यासाठी या वाटेने जाण्याचे कारण नाही.

उत्तराला तीस दिवस. प्रश्न जिवाशी निगडित असेल तर अठ्ठेचाळीस तास, पण ते अर्जातच स्पष्ट लिहावे लागते. प्रतीला पानामागे दोन रुपये, आणि मुदत उलटल्यावर दिली तर फुकट. उत्तर न आल्यास किंवा न पटल्यास तीस दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील, वीस रुपयांच्या स्टॅम्पावर. तिथेही नाही जमले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाचे छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. आयोगाकडे ढीग असतो, वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, शिक्का आणि तारीख दोन्ही पाहा. आणि महिनाभराने 'माहिती निरंक' असे एका ओळीचे उत्तर आले तर चिडून फाडू नका. ज्या पाच महिन्यांत घरोघर तापाची माणसे होती त्यात एकही नमुना गेला नाही, हे तुम्हाला सही-शिक्क्यानिशी लिहून मिळालेले असते. त्याच्या चार झेरॉक्स काढा, एक नगर परिषदेच्या फवारणीच्या अर्जाला जोडा.