ओपन स्पेस लेकरांची

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीसारख्या तालुक्याच्या गावात प्लॉट पाहायला गेले की ले-आउटच्या नकाशावर एक हिरवा चौकोन हमखास दाखवतात. ही ओपन स्पेस, लेकरांना खेळायला. पुढे रजिस्ट्री होते, घर उभे राहते, पाळण्यातले लेकरू दुडदुडू लागते. चौकोन मात्र बहुतेक ठिकाणी नकाशावरच राहतो. जागेवर गाजरगवत, बांधकामाची उरलेली रेती, नाहीतर उभ्या गाड्या.

लहान मुलांना सोयीच्या वस्त्या घडवण्यासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये एक स्पर्धात्मक कार्यक्रम काढला. तो स्मार्ट शहरांसाठी, राजधान्यांसाठी आणि पाच लाखांवर लोकवस्तीच्या शहरांसाठी होता. लाखभरही वस्ती नसलेल्या आर्वीला त्यात जागाच नव्हती. पण तीन वर्षांच्या निरोगी मुलाची उंची बंगळुरूत असो की आर्वीत, साधारण ९५ सेंटिमीटरच असते. तेवढ्या उंचीवरून उघडी नाली आणि अंगावर येणारी दुचाकी कशी दिसत असेल, हे एकदा त्याच्याशेजारी उकिडवे बसून पाहावे. त्याला घराबाहेर एकटे सोडायला आईचा जीव का धजत नाही, ते लगेच कळते.

लेकरांना खेळायला सुरक्षित जागा देण्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर ले-आउट पाडताना किमान १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. म्हणजे भूसंपादन नको, मोबदला नको. जागा मुलांच्या नावावर निघालेलीच आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅम शहराकडेही फारसा पैसा नव्हता. तिथे आल्डो व्हॅन आइक या वास्तुविशारदाने १९४७ पासून तीसेक वर्षांत सातशेच्या वर खेळजागा उभारल्या. त्यातल्या कितीतरी पडक्या घरांच्या रिकाम्या भूखंडांवर, दोन इमारतींमधल्या बोळकांड्यांत होत्या. वाळूचा हौद, कोलांट्या मारायला लोखंडी दांडे, आईबापांना बसायला बाक, एवढेच सामान. आपल्याकडे रेतीचा ढीग पडलेलाच असतो. त्याला कठडा तेवढा हवा.

फक्त वर्धा जिल्ह्याच्या उन्हाचा विचार आधी करायला हवा. मे महिन्यात लोखंडी घसरगुंडीला हात लावून पाहा, चटका बसतो. तेव्हा खेळणी नंतर. आधी कडुनिंब आणि करंज, त्यांना पाण्याची सोय आणि नातवंडांवर लक्ष ठेवणाऱ्या आजीसाठी सावलीत एक बाक. नगर परिषदेने प्रत्येक प्रभागातल्या ओपन स्पेसची यादी क्षेत्रफळासह फलकावर लावावी आणि पहिल्या पावसाआधी झाडांसाठी खड्डे खोदून घ्यावेत. आज अंगणवाडीत जाणारे पोर चौथीत पोचेल, तोवर त्या कडुनिंबाखाली खेळण्यापुरती सावली झालेली असेल.