तवा मध्ये, माणसे भोवती

जपानमध्ये ओकोनोमियाकी नावाचा एक पदार्थ फार लोकप्रिय आहे. नाव अवघड असले तरी पदार्थ आपल्या ओळखीचा आहे. गव्हाचे पीठ, बारीक चिरलेला भरपूर पत्ताकोबी, अंडे आणि आवडीप्रमाणे मासळी किंवा मांस कालवून लोखंडी तव्यावर जाडसर धिरडे घालायचे. ओकोनोमी म्हणजे आपल्या आवडीचे आणि याकी म्हणजे भाजलेले. गंमत पुढेच आहे. ओसाकासारख्या शहरांतील अनेक उपाहारगृहांत तवा टेबलातच बसवलेला असतो. वाढपी कालवलेले पीठ वाटीतून आणून देतो. पसरायचे, उलटायचे आणि वाटून खायचे हे काम गिऱ्हाइकाचे. याकिनिकू नावाच्या दुसऱ्या प्रकारात टेबलावरच्या जाळीवर मांसाचे पातळ तुकडे ज्याचे त्याने भाजून घ्यायचे असतात.

पैसेही आपण द्यायचे आणि भाजायचेही आपणच, हा कसला व्यवहार, असे चिखलीच्या माणसाला वाटेल. पण हिवाळ्यात शेतात हुरड्याला बसतो तेव्हा आपण वेगळे काय करतो? आगटी पेटलेली असते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कणसे खुपसलेली असतात. कणीस भाजले की तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे तोंडात टाकायचे. सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी. पुढचे कणीस भाजेपर्यंत गप्पा. हे जेवण आपल्याला जपानने शिकवलेले नाही.

या पद्धतीचा आरोग्याशी जवळचा संबंध आहे, म्हणून आज हा विषय घेतला. पोट भरल्याची जाणीव घास गिळताक्षणी होत नाही. जठर ताणले जाते, आतड्यांतून काही संप्रेरके रक्तात मिसळतात आणि मग मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप पोचतो. याला साधारण वीस मिनिटे लागतात. आपण मात्र दूरदर्शन संचासमोर किंवा हातात मोबाईल धरून दहा मिनिटांत ताट रिकामे करतो. निरोप पोचेपर्यंत दोन पोळ्या जास्त गेलेल्या असतात. विस्तव समोर असला की घाई करताच येत नाही. पदार्थ भाजेल तेव्हाच मिळतो, आणि मिळतो तोही थोडाथोडा. जपानच्या ओकिनावा बेटांवर पोट आठ आणे-दहा आणे नव्हे, पण दहापैकी आठ भाग भरले की थांबावे, अशी जुनी शिकवण आहे. आपल्या वाग्भटानेही जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक मोकळा ठेवायला सांगितले. हे पाळायचे तर जेवण सावकाश व्हायला हवे.

आता हुरडाही बदलला आहे. आपल्या भागात सोयाबीनने ज्वारीचे रान व्यापल्यापासून घरचा हुरडा दुर्मिळ झाला आणि तिकीट काढून खायच्या हुरडा पार्ट्या आल्या. तेथे दाणे आयते चोळून ताटलीत येतात. शेजारी शेव, फरसाण, जिलेबी, थंड पेयाची बाटली आणि वर पोटभर जेवण. आगटी राहते छायाचित्रापुरती. कोवळी ज्वारी तंतुमय आणि सकस आहे, पण अशा ताटात तिचा गुण उरत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर हुरडा हेही धान्यच आहे हे विसरू नये. दाणे खाल्ले तर त्या वेळची भाकरी-पोळी कमी करावी आणि गुळाच्या खड्याला हात लावू नये.

पण माझ्या मते मध्ये ठेवलेल्या तव्याचा सर्वांत मोठा गुण वेगळाच आहे. तेथे रांधणारे आणि जेवणारे एकाच वेळी जेवतात. आपल्या घरांत काय चालते? पोळ्या तव्यावरून गरमागरम बाहेर जातात, पुरुष जेवतात, मुले जेवतात, आणि ओट्याशी दोन तास उभी राहिलेली बाई शेवटी गार पोळी आणि पातेल्याच्या तळाची भाजी घेऊन बसते. डाळ संपलेली असली तर चटणीवर भागवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. याला मासिक पाळी, बाळंतपणे, जंत अशी इतरही कारणे आहेत. पण शेवटी जेवणारीच्या वाट्याला पालेभाजी, डाळ आणि अंडे सर्वांत कमी येते, हे कारण आपल्या हातातले आहे. आपण तिला लोहाच्या गोळ्या आणून देतो. गोळ्या हव्याच, पण पंगतीतली जागाही हवी.

म्हणून माझी सूचना अशी. आठवड्यातून एक संध्याकाळ तवा मध्ये ठेवा. ज्वारीचे किंवा मिश्र डाळींचे पीठ, चिरलेला पत्ताकोबी, मेथी, कांदा, हिरवी मिरची. चालत असेल त्यांनी अंडे. तेल चमचाभर. सगळ्यांनी भोवती बसावे आणि पाळीपाळीने एकेकाने धिरडे उलटावे. आमच्याकडचे पुरुष शेतात रोडग्यांचा बेत असला की गोवऱ्या रचतात, कणीक मळतात, निखाऱ्यावर रोडगे फिरवतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. मग घरातल्या तव्याशीच हात का आखडावा? पहिले गरम धिरडे रोज शेवटी जेवणारीच्या ताटात पडावे, एवढा नियम पुरे.

मात्र विस्तवाशी बसायचे तर काही पथ्ये पाळावी लागतात. जपानने ती फार मोठी किंमत देऊन शिकली आहेत. १९९६ साली साकाई शहरात शाळेच्या जेवणातून घातक जिवाणूंची बाधा होऊन हजारो मुले आजारी पडली होती. २०११ मध्ये याकिनिकूच्या एका उपाहारगृह-साखळीत कच्च्या मांसाचा पदार्थ खाऊन पाच जण दगावले. त्यानंतर तेथे त्याच वर्षी नियम कडक झाले आणि जुलै २०१२ पासून गुरांचे कच्चे यकृत वाढण्यास बंदी आली.

आपण यातून घ्यायचा धडा सोपा आहे. कोंबडी किंवा मटण भाजायचे असेल तर कच्चे तुकडे उचलण्याचा चिमटा वेगळा आणि शिजलेले खाण्याचा चमचा वेगळा. कच्चे मांस ठेवलेल्या ताटात भाजलेले तुकडे परत टाकू नयेत. मांस आतपर्यंत ७५ अंश सेल्सियसला निदान एक मिनिट शिजायला हवे. घरी ओळखायचे तर आत गुलाबी रंग आणि लाल पाणी राहता कामा नये. कालवलेले कच्चे पीठ मीठ बघण्यासाठी चाटू नये. करपून काळा झालेला भाग खरवडून टाकावा. निखाऱ्यावर चरबी ठिबकून उठणारा धूर पदार्थावर बसतो, तो अपायकारक असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडीभोवती बसण्याची सवय आपल्याकडे आहे. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. डोके जड होते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. घरात गॅस वापरा, तोही खिडकी उघडी ठेवून. लहान मुलांना तव्यापासून हातभर दूर बसवा. कोळसा, गोवऱ्या आणि आगटी अंगणात किंवा शेतातच बऱ्या.

चिखलीत जपानी उपाहारगृह नसले तरी काही बिघडत नाही. त्यासाठी लागणारा तवा प्रत्येक घरात आहे. तो ओट्यावरून उचलून माणसांच्या मध्ये आणायचा, एवढेच काम बाकी आहे.